सुरुवातीचा बर्फ

मंगळवारी सकाळी माझ्या टेबलावर एक फॉर्म येऊन पडला आणि तो वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसं मला रागवायला फार काही लागत नाही. संस्थेत माझ्या पाठीमागे मला 'भडका' म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि ते मला ठाऊक आहे हे म्हणणाऱ्यांनाही ठाऊक आहे. पण हा फॉर्म वाचून एखादी शांत बाईसुद्धा पेटली असती.

फॉर्म तळघरातल्या सामानाच्या विल्हेवाटीचा होता. 'दगडांचे नमुने. खोकी सव्वीस, एकूण नग दोनशे बारा. जागेअभावी काढून टाकणे. कारण : संबंधित प्रश्न मॉडेलने निकाली काढला आहे.' खाली दोन सह्यांच्या जागा. एका जागेवर आमच्या विभागप्रमुख सरांची सुबक, तिरकी सही होती. दुसरी जागा माझी. शुक्रवारी गाडी येणार होती, आणि सोबत मॉडेलच्या निकालाची प्रत जोडा, असं कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं होतं.

ते दोनशे बारा दगड माझ्या दादाचे. दादा म्हणजे सख्खा मोठा भाऊ, मानलेला वगैरे नाही. वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघंही याच संस्थेत होतो. तो बाहेर पायपीट करायचा आणि मी आत मशीनसमोर बसायचे. दोघांचा प्रश्न एकच होता. गेल्या हिमयुगात या सगळ्या प्रदेशावर जो किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीचा बर्फ चढला, त्याची सुरुवात कुठून झाली?

सरांनी पंधरा वर्षं लिहून ठेवलं होतं की सुरुवात उत्तरेच्या किनाऱ्यावरून झाली. दादा सहा उन्हाळे दक्षिणेच्या पठारावर हिंडला आणि म्हणाला, नाही, सुरुवात इथून. बर्फ सरकताना खालचा खडक खरवडत जातो, त्या ओरखड्यांवरून तो कुठून कुठे गेला ते कळतं. दादाला एकाच खडकावर दोन दिशांचे ओरखडे सापडले होते, एकावर एक. वरचे, म्हणजे नंतरचे, उत्तरेकडून आलेले. खालचे, जुने, पठारावरून चहूकडे गेलेले. दगड उचलण्याआधी तो त्यावर उत्तरेकडे तोंड केलेला बाण काढायचा, मग चिठ्ठी चिकटवायचा. जागा, दिशा, तारीख. तारखेशिवाय दगड हा नुसता दगड असतो, असं तो मला इतक्यांदा सांगायचा की मी कानात बोटं घालायचे.

आणि कॉम्प्युटरवरचं मॉडेल माझं. सगळा प्रदेश चाळीस-चाळीस किलोमीटरच्या चौकोनांत कापायचा. प्रत्येक चौकोनाला एक उंची, एक तापमान, एक हिमवर्षाव. उन्हाळ्यात वितळून जो बर्फ उरेल तो पुढच्या वर्षात न्यायचा. जाड झाला की तो स्वतःच्या वजनाने पसरतो, उंच झाला की माथ्यावर आणखी गार पडतं आणि तो आणखी टिकतो. अशी एक लाख वर्षं मोजत बसायचं. त्या काळी आमच्या मशीनला त्यासाठी तीन आठवडे लागायचे, आणि मधेच वीज गेली की मी चक्क रडायचे.

माझ्या मॉडेलमध्ये बर्फ उत्तरेच्या किनाऱ्यावरून निघाला आणि दक्षिणेच्या पठारावर सगळ्यात शेवटी पोचला. सरांनी भरल्या सभागृहात तो नकाशा दाखवला, मी शेजारी उभी होते, आणि दादाचं काम तिथल्या तिथे संपलं. पुढच्या उन्हाळ्याच्या मोहिमेला त्याला परवानगी मिळाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग तो संस्था सोडून गेला. आता त्याचा दगड कापायचा कारखाना आहे, स्वयंपाकघरांचे ओटे बनवतो. माझाही ओटा त्यानेच बसवला. त्यावर पाणी सांडलं तर जिथे सांडतं तिथेच थांबतं, इतका तो सपाट आहे. वीस वर्षं तो माझ्याशी सगळ्या विषयांवर बोलतो. बर्फ सोडून.

मी फॉर्म घेऊन तळघरात उतरले. तिथलं सामान सांभाळणारे काका चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

"काका, हे कोणी काढलं? वीस वर्षं ही खोकी कोणाच्या डोळ्यांत खुपली नाहीत, ती आत्ताच कशी खुपली?"

"माझ्यावर कशाला ओरडता मॅडम? वरून आलं. सर रिटायर व्हायच्या आधी सगळं आवरायचं म्हणतात."

"मी सही करणार नाही."

"नका करू. उद्या दुसऱ्या कोणाची घेतील." काकांनी चष्मा खाली ओढला. "थांबवायचंच असेल तर फॉर्मच्या मागे कारण लिहून द्या. लेखी कारण आलं की कमिटीपुढे जातं, तोवर मी खोक्याला हात लावू देत नाही कोणाला. पण कारण पाहिजे. भावाचे दगड आहेत हे कारण नाही."

हे त्यांनी मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं.

वर येऊन मी निकालाची प्रत शोधायला वीस वर्षांपूर्वीचं फोल्डर उघडलं. कुठे काही फट सापडते का, हेही बघायचं होतं. दादाचे दगड चुकीचे असतील, पण ते कचऱ्यात जाणार नाहीत, एवढं मी ठरवलं होतं.

मॉडेलला आधी एक सुरुवातीची फाइल द्यावी लागते. पहिल्या वर्षी कोणत्या चौकोनात किती बर्फ आहे, याची यादी. हिमयुग सुरू व्हायच्या आधी बर्फ नव्हताच, म्हणून सगळीकडे शून्य हवं. मी फाइल खाली सरकवत गेले. शून्य, शून्य, पानंच्या पानं शून्य. आणि मग उत्तरेच्या किनाऱ्याचे नऊ चौकोन. तीनशे मीटर, तीनशे मीटर, तीनशे मीटर. शेजारी टीप होती. 'विरजण. चाचणीपुरतं. नंतर काढणे.' आणि खाली माझी आद्याक्षरं.

विरजण हा सरांचा शब्द. चाळीस किलोमीटरच्या चौकोनात उंचीची सरासरी घेतली की डोंगरांची शिखरं नाहीशी होतात, सगळं बसकं होतं, आणि बसक्या जमिनीवरचा बर्फ उन्हाळ्यात पार वितळतो. आमच्या मॉडेलमध्ये हिमयुग सुरूच होईना. सहा महिने आम्ही डोकं आपटत होतो. तेव्हा सर म्हणाले, "दुधाला लावतो तसं थोडं विरजण लाव. बाकीचं यंत्र नीट चालतंय का ते तरी कळेल." मी लावलं, आणि मॉडेल झकास चाललं. मग ते विरजण तसंच राहिलं. आम्ही स्वतः उत्तरेला बर्फ ठेवला, तो उत्तरेकडून पसरला, आणि मग आम्हीच जगाला आनंदाने सांगितलं की बघा, बर्फ उत्तरेकडून आला!

विसरले होते. माणूस विसरतो. कामाच्या धबडग्यात एक ओळ काढायची राहून जाते. मी स्वतःला असं सांगत तिथे बराच वेळ बसून राहिले.

मग मी ते नऊ आकडे पुसून शून्य केले आणि मॉडेल चालू करून जेवायला गेले. तीन आठवडे घेणारं ते मॉडेल आता माझ्या टेबलावरच्या मशीनवर चाळीस मिनिटांत संपतं. डबा अर्धा खाल्ल्यावर हे डोक्यात शिरलं आणि मी तो तसाच मिटला. वीस वर्षांत कुठल्याही दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, हे तपासता आलं असतं.

परत आले तेव्हा पडद्यावर कोरडी जमीन होती. एक लाख वर्षं झाली आणि कुठेही बर्फ नाही, बोटभरसुद्धा नाही. मी तेच विरजण दादाच्या पठारावर लावलं. बर्फ पठारावरून निघाला, चहूकडे गेला आणि शेवटी तेवढाच मोठा झाला. मग निव्वळ चिडून ते पूर्वेच्या टेकड्यांवर लावलं, जिथून बर्फ निघाला असं आजवर कोणी झोपेतही बरळलेलं नाही. तो तिथूनही निघाला. म्हणजे मॉडेल सरांच्या बाजूचं नव्हतं की दादाच्या विरुद्ध नव्हतं. लावाल तिथून ते वाढत होतं. त्याला काही माहीतच नव्हतं, आणि त्याच्या नावावर आम्ही एका माणसाची सहा वर्षं केराच्या टोपलीत टाकली होती.

सरांच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे बांधून तयार होते. शुक्रवारी त्यांचा निरोप समारंभ. सरांचा आवाज कधी चढत नाही, आणि माझ्या डोक्यात जायला तेवढं पुरतं.

"बस. पाणी घेतेस?"

"नको. सर, सुरुवातीच्या फाइलमध्ये विरजण तसंच आहे. काढलंच नाही आपण. ते काढलं तर बर्फच होत नाही."

सरांनी एक गठ्ठा उचलून खुर्चीवर ठेवला. "हं. जुनं मॉडेल आहे. त्यात अशा शंभर गोष्टी निघतील."

"ही शंभरातली नाही सर. सगळा निकालच हिच्यावर उभा आहे."

"हे बघ, शेवटी बर्फ तेवढाच झाला ना? जेवढा व्हायला हवा तेवढा? मग कुठून निघाला याला आता एवढं..."

"प्रश्नच तो होता!" मी ओरडले. बाहेर कोणीतरी चालता चालता थांबलं. "कुठून निघाला, एवढाच प्रश्न होता! आणि त्यापायी दादाला..."

"त्याला कोणी काढलं नाही. तो स्वतः गेला." सर माझ्याकडे न बघता सुतळीची गाठ घट्ट करत होते. "नवीन मॉडेलं येतील, दुरुस्त्या होतील. तू एखादी टीप लिही ना सावकाश. मी गेल्यावर लिही, माझी काही हरकत नाही. दगडांचं मात्र होऊन जाऊ दे, नव्या सर्व्हरला ती खोली हवी आहे." मग त्याच आवाजात म्हणाले, "आणि एक आठव. त्या दिवशी सभागृहात उत्तर मी दिलं नव्हतं. तू दिलं होतंस."

मी दार आपटून निघाले. म्हणजे आपटायला गेले. सरांच्या दाराला ती सावकाश मिटणारी दांडी बसवलेली आहे, त्यामुळे धड आपटताही आलं नाही. दार माझ्यामागे अगदी अदबीने बंद झालं.

बुधवारी सकाळी मी चार कागद फाडले आणि पाचव्यावर जमलं. ते फॉर्मच्या मागे स्वच्छ अक्षरात उतरवलं : 'सदर मॉडेलमध्ये सुरुवातीस काही बर्फ ठेवण्यात आला होता, असे आढळून आले आहे. सबब फेरतपासणी होईपर्यंत नमुने जतन करावेत.' मला ते पटलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं, आणि ते दादाला दाखवायची घाई झाली. वीस वर्षांनी मी त्याच्यासाठी काहीतरी घेऊन चालले होते.

कारखान्यात पाऊल टाकलं की बूट राखाडी चिखलात रुततात. पातं गरम होऊ नये म्हणून कापताना दगडावर पाणी सोडतात, ते भुकटी घेऊन जमिनीवर पसरतं. दादा गमबूट घालून, कानांत बोळे खुपसून एका काळ्या फरशीत सिंकची जागा कापत होता. वहिनी दाराजवळच्या टेबलावर फोन खांद्याशी धरून कोणाची तरी मापं लिहून घेत होती. मला बघून तिने मान हलवली आणि दादाला हाताने खूण केली. त्याने मशीन बंद केलं.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. फॉर्म, नऊ चौकोन, चाळीस मिनिटं, कोरडी जमीन, पूर्वेच्या टेकड्या, सर. सांगताना सरांवर इतकी चिडले की थुंकी उडाली. दादा कानातले बोळे हातात घेऊन ऐकत होता.

"म्हणजे मी बरोबर होतो," तो म्हणाला.

"ते नाही सांगता येत. मॉडेलला काहीच कळत नव्हतं. तुला चूक म्हणायचा आम्हाला अधिकार नव्हता, एवढंच सांगता येतं."

"हं. हे ठीक बोललीस." त्याने हात पुसले आणि फॉर्म कडेने धरून घेतला. मागची बाजू वाचली. पुन्हा वाचली. "ठेवण्यात आला होता. कोणी ठेवला?"

"सर म्हणाले म्हणून..."

"कोणी ठेवला?"

"मी."

"मग तसं लिही ना. इथे वाचून वाटतं, बर्फ आपणहून चालत आला आणि बसला." त्याचं बोट पुढे सरकलं. "आढळून आले. केव्हा?"

"काल. कालच फोल्डर उघडलं मी."

वहिनीने फोन खाली ठेवला होता.

"त्या दिवशी सभागृहात मी एकच प्रश्न विचारला होता," दादा म्हणाला. "सरांना नाही. तुला."

"मला आठवतोय," वहिनी म्हणाली. "मी मागच्या रांगेत होते. तू विचारलंस, सुरुवातीला बर्फ कुठे होता? आणि ही म्हणाली, कुठेच नव्हता. शून्यापासून सुरू केलंय."

"विसरले होते दादा! खरंच. चाचणीसाठी लावलं आणि राहून गेलं. माणूस विसरत नाही का?"

"विसरतो. फाइलवर तारीख असेल ना?"

खोटं बोलायला मला तोंड होतं, पण तारखेपुढे नव्हतं. "दोन तारीख."

"आणि सभागृह पंचवीसला." त्याने हिशेब करायचाही त्रास घेतला नाही. "तेवीस दिवस. तुला पहिलीतल्या बाईंच्या साडीचा रंग आठवतो. तेवीस दिवसांत विसरलीस?"

मी तोंड उघडलं ते ओरडायलाच. दुसरं मला येतं काय? पण ओरडून जे बाहेर पडलं ते मी स्वतःलाही कधी ऐकू दिलं नव्हतं.

"नव्हते विसरले! आठवत होतं मला! तू प्रश्न विचारलास तेव्हा ते नऊ चौकोन डोळ्यांसमोर होते माझ्या. पण तू सगळ्यांसमोर विचारलंस, दादा. घरी गणितं तपासायचास ना, ही बघ सापडली चूक, म्हणत, त्याच आवाजात विचारलंस. शंभर माणसं होती. मी पहिल्यांदा वर उभी होते. राग आला मला. राग आला आणि शून्य म्हणून गेले. मग परत चालवायला तीन आठवडे लागले असते, मग सरांचा लेख गेला, मग तू गेलास. नंतर मी ते फोल्डर उघडलंच नाही. वीस वर्षं त्याला हात लावला नाही."

दादाला मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. आमच्या घरातला सगळा आवाज माझ्या वाट्याला आला होता.

"राग आला?" तो ओरडला. पत्र्याखाली आवाज घुमला. "तुला राग आला म्हणून? अगं, मला वाटत होतं माझे बाण चुकले! वीस वर्षं! मॉडेल शून्यापासून सुरू झालंय, माझी बहीण सांगतेय, म्हणजे चूक माझीच असणार. होकायंत्र तीन वेळा तपासून आणलं मी. दोन उन्हाळे स्वतःच गेलो तिकडे, हिला विचार, एकेक दगड जिथून उचलला ती जागा परत बघायला. अजून इथे फरशीवर खूण करताना दोनदा मोजतो. कामगार हसतात मला. माझा हात खराब आहे असं वाटायचं मला, ठिणगे. माझा हात!"

ठिणगी हे माझं लहानपणचं नाव. त्याच्या तोंडून ते इतक्या वर्षांनी ऐकलं तेही असं. मला काहीतरी म्हणायचं होतं, पण चुकलं हा शब्द त्या आवारात इतका किरकोळ वाटला की मी तो उच्चारला नाही. वहिनी उठली आणि तिने आपलं पेन माझ्यापुढे धरलं. माझ्याकडे बघून नाही, फॉर्मकडे बघून.

मी ते सबब आणि सदर सगळंच खोडलं. खाली जागा थोडीच उरली होती. कापलेल्या फरशीवर कागद ठेवून लिहिलं : 'उत्तरेचा सुरुवातीचा बर्फ मी ठेवला. विचारल्यावर नव्हता म्हणाले. तेव्हा मला माहीत होतं. दगड टाकू नयेत.' सही केली. हे कमिटीपुढे गेलं की माझ्या खुर्चीचं काय होईल ते मला कळत होतं. शुक्रवारी सरांच्या निरोपाला कोण माझ्या शेजारी बसेल, तेही.

दादाने कागद उचलला. आता त्याचा आवाज उतरला होता, पण चेहरा नाही. खोक्यातल्या चिठ्ठ्या तपासायचा तसा त्याने तो वाचला, वरपासून खालपर्यंत, आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"तारीख?"

मी सहीखाली बुधवारची तारीख घातली.

"ही नाही," दादा म्हणाला. "नव्हता म्हणालीस, त्या दिवसाची घाल."

मी ती खोडली आणि पंचवीस लिहिली. मग महिना, मग वीस वर्षांपूर्वीचं साल. दादाने ते नीट बघितलं, कानांत बोळे घातले आणि मशीन चालू केलं.